अवजारांच्या पेटाऱ्यातले मोहोळ

आमचे घर साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, गोडोलीच्या बाजूला आहे. घरामागच्या परसाची हद्द डोंगराच्या गवताला जाऊन भिडते. माघ सरत आला की हे गवत वाळून कोळ होते आणि डोंगराला कुठे ना कुठे वणवा लागल्याचा धूर दिसू लागतो. म्हणून दर वर्षी फेब्रुवारीच्या मध्यावर आम्ही हद्दीलगतचा दहा फुटांचा पट्टा कापून मोकळा करतो. २०२५ साली त्यासाठी १६ फेब्रुवारीचा रविवार ठरवला होता.

गवत कापायच्या यंत्राचा दांडा आम्ही भिंतीला टांगतो. इंजिनाचा भाग, पाठीवरचा फवारणी पंप आणि पाण्याची नळी मात्र मामंजींच्या काळातल्या एका सागवानी पेटाऱ्यात असते. पेटारा साडेतीन फूट लांब आहे आणि त्याच्या डाव्या बाजूच्या फळीत, लाकडाची गाठ निखळून, अंगठा जाईल एवढे भोक पडलेले आहे. दिवाळीनंतर तो कोणीच उघडला नव्हता. त्या सकाळी मी कडी काढून झाकण दोन बोटे उचलले, तेव्हा ते आतून कोणी धरून ठेवल्यासारखे जड लागले आणि ओले फडके फाटावे तसा आवाज आला. पाठोपाठ दूरची पिठाची गिरणी एकदम जवळ आल्यासारखी घरघर वाढली. फटीतून मधाचा एक जाड थेंब माझ्या बोटावर पडला आणि मनगटावर डंख बसला. झाकण आपटू न देता खाली ठेवण्याइतके भान मला राहिले, याचे आजही बरे वाटते.

असा प्रसंग ज्यांच्यावर येईल त्यांच्यासाठी पहिली सूचना डंखाबद्दलच आहे. मधमाशीच्या काट्याला उलटे दाते असल्यामुळे तो विषाच्या पिशवीसकट कातडीत राहतो आणि पिशवी काही वेळ आकुंचन पावत राहते, म्हणून तो लगेच नखाने खरवडून काढावा. डंखाच्या जागी पिकलेल्या केळ्यासारखा वास येतो. तो वास इतर माश्यांना धोक्याची वर्दी देत असल्यामुळे तेथून शांतपणे दूर जावे आणि जागा साबणाने धुवावी. ओठ किंवा चेहरा सुजणे, श्वास अडकणे, चक्कर येणे यांपैकी काहीही झाल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मला फक्त सूज आली. मात्र माझ्या सासूबाईंना पाच वर्षांपूर्वी गांधीलमाशी चावून रुग्णालयात न्यावे लागले होते, त्यामुळे घरात खरी धास्ती त्यांच्याबद्दलची होती. मागचे दार त्या दिवसापासून बंद झाले.

दुपारपर्यंत सल्ले जमा झाले. शेजारच्या आजोबांनी रात्री टेंभा दाखवायला सांगितले. कीटकनाशक फवारणाऱ्या एका व्यावसायिकाने फोनवरच पंधराशे रुपये सांगितले आणि संध्याकाळपर्यंत काम होईल असा शब्द दिला. मी त्याला हो म्हणण्याच्या अगदी जवळ आले होते, हे लपवत नाही. ज्या घरात वयस्कर माणसाला डंख सोसत नाही, त्या घरात पेटाराभर माश्या असताना कोणालाही तसेच वाटेल. पण औषध मारल्यावर आतल्या मधाचे काय होईल, असे विचारल्यावर तो गप्प राहिला. मेलेल्या माश्या आणि मध तसाच राहिला तर तो सडतो आणि गळतो, मुंग्या येतात. शिवाय आजूबाजूच्या वसाहतींमधल्या माश्या तो विषारी मध लुटून नेतात आणि त्याही मरतात. आमच्या हद्दीबाहेर काटेसावर फुललेली होती, दारचा शेवगा फुलावर होता आणि त्या दोन्ही झाडांवर माश्यांची ये-जा आम्हाला रोज दिसत होती. मी त्याला नकार कळवला.

सोमवारी, १७ तारखेला, फोन सुरू केले. एका कार्यालयाने दुसऱ्याचा क्रमांक दिला आणि दुसऱ्याने पहिल्याचा. तिसरीकडे, माश्यांनी कोणावर हल्ला केला आहे का, असे विचारले. नाही म्हटल्यावर, झाला तर कळवा, असे उत्तर मिळाले. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर बोलणाऱ्या बाईंनी मात्र सगळे ऐकून घेतले आणि मधपाळ गाठण्याचा सल्ला दिला. मंगळवारी मी एका सरकारी कार्यालयात स्वतः गेले. संबंधित साहेब दौऱ्यावर होते आणि तोंडी सांगून चालणार नव्हते, म्हणून तिथल्याच बाकावर बसून अर्ज लिहिला: जागेचा पत्ता, मोहोळ कुठे आहे, जमिनीपासून किती उंचीवर, घरात लहान किंवा आजारी कोणी आहे का, आणि संपर्क क्रमांक. अर्जाच्या दोन प्रती कराव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यावा. पुढच्या प्रत्येक फोनला तोच क्रमांक विचारला जातो. बुधवारी १९ तारखेला शिवजयंतीची सुट्टी होती. त्या दिवशी मी पेटाऱ्यापासून पंधरा फुटांवर खुर्ची टाकून बसले आणि मोबाईलवर भोकाचे चित्रीकरण केले. ते चित्रीकरण पुढे अर्जापेक्षा जास्त उपयोगी पडले.

महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे, हे मला वर्तमानपत्रांमुळे माहीत होते. २०२२ साली महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले, तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली होती. पण इतक्या मोठ्या ठिकाणी एका पेटाऱ्यासाठी कसे विचारावे, असा संकोच वाटत होता. शेवटी एका मैत्रिणीच्या ओळखीने, तिथे प्रशिक्षण घेतलेल्या जावळी तालुक्यातल्या एका मधपाळांचा क्रमांक मिळाला. गुरुवारी त्यांना चित्रीकरण पाठवले आणि दहाच मिनिटांत त्यांचा फोन आला. “ताई, ह्या सातेरी हायत. आग्या न्हवं. झाकणाला हात लावू नगा, मी रविवारी येतो.” चार दिवसांनंतर त्या रात्री मला नीट झोप लागली.

मोहोळ कोणत्या माशीचे आहे, यावर पुढचे सगळे अवलंबून असते, म्हणून या मधपाळ काकांनी समजावलेला फरक इथे देते. आग्या माशी मोठी असते. ती झाडाच्या फांदीला, कड्याला किंवा इमारतीच्या सज्जाला एकच मोठे, उघडे पोळे लटकवते आणि चिडली तर दूरवर पाठलाग करते. तिच्या वाटेला आपण जाऊ नये. फुलोरी माशी लहान असून झुडपाच्या काटकीवर तळहाताएवढे एकच पोळे करते. पोयाच्या माश्या त्याहून बारीक, त्यांना डंख नसतो आणि त्या भिंतीच्या फटीत राळेची नळी काढून राहतात. सातेरी मात्र अंधारी पोकळी शोधते, म्हणजे झाडाची ढोली, वारूळ, भिंतीतले भगदाड किंवा आमच्यासारखा पेटारा, आणि त्यात एकामागे एक अशी समांतर पोळी बांधते. अंधारात अनेक पोळ्यांनी राहण्याच्या या सवयीमुळेच तिला लाकडी पेटीत वसवता येते.

२३ तारखेला काका आले. साठीच्या आसपासचे वय, हातात काही नाही. ते पेटाऱ्याच्या बाजूला, माश्यांची उडण्याची वाट सोडून, उकिडवे बसले आणि पंधरा मिनिटे नुसते बघत राहिले. मग मला जवळ बोलावून त्यांनी दाखवले, की परतणाऱ्या चार माश्यांमागे एकीच्या मागच्या पायांवर परागाचे पिवळट गोळे आहेत. पराग लागतो तो पिल्लांना. म्हणजे आत राणी आहे, ती अंडी घालते आहे आणि वसाहत नांदती आहे. पिलावा, म्हणजे अंडी आणि अळ्या, असलेली वसाहत सहसा घर सोडत नाही, म्हणून हलवायला हीच वेळ बरी, असे त्यांचे मत पडले. पण त्यांच्याकडची रिकामी पेटी दुरुस्तीला होती, मधेच महाशिवरात्र होती, आणि त्यांनी २ मार्चचा रविवार दिला.

हा आठवडा मला सर्वांत अवघड गेला. त्यातली कामे मात्र साधी होती. काकांच्या सांगण्यावरून पेटाऱ्यावर ओले पोते न टाकता वर पत्रा धरून सावली केली. उथळ परातीत खडे घालून पाणी ठेवले, म्हणजे माश्या खड्यांवर बसून पाणी पितात आणि बुडत नाहीत. गवत यंत्राने कापणे शक्यच नव्हते, कारण यंत्र माश्यांच्या ताब्यात होते, आणि दुसऱ्याचे आणले असते तरी त्याच्या आवाजाने व हादऱ्याने त्या चिडल्या असत्या. म्हणून विळ्याने कापायला एक मजूर दोन दिवस लावला, त्याचे रोज सहाशेप्रमाणे बाराशे झाले. माझ्या मुलाकडे एक वेगळेच काम आले. पेटाऱ्याची पुढची फळी गंजलेल्या स्क्रूंनी बसवलेली होती आणि ठोकाठोक चालणार नव्हती, म्हणून तो रोज अंधार पडल्यावर विजेरीला लाल कागद गुंडाळून जायचा आणि प्रत्येक स्क्रूवर तेलाचे दोन थेंब सोडायचा. मधमाशीला लाल रंग दिसत नाही, पांढऱ्या उजेडावर मात्र ती झेपावते.

एक अडचण अनपेक्षित होती. शेजारच्या आंब्याला मोहोर होता आणि तुडतुड्यांसाठी त्यावर मंगळवारी सकाळी फवारणी ठरली होती. मी आजोबांकडे गेले आणि आठवडाभर थांबता येईल का, नाहीतर निदान सूर्य मावळल्यावर फवारता येईल का, असे विचारले. टेंभ्याचा सल्ला देणारे हेच गृहस्थ. पण त्यांनी फवारणी संध्याकाळवर नेली आणि फवारायच्या आधी आमच्याकडे निरोपही पाठवला. काकांना विचारून आम्ही त्या रात्रीपुरते भोकावर तारेची जाळी लावली आणि सकाळी उशिरा काढली. आपल्याकडे मोहोळ असेल तर शेजाऱ्यांना फवारणीबद्दल पहिल्याच दिवशी विचारावे. मी ते आठ दिवस उशिरा केले, ही माझी चूक झाली.

२ मार्चला दुपारी चार वाजता काका आणि त्यांचा पुतण्या लाकडी पेटी, रिकाम्या चौकटी, धुराचे भांडे, जाळीचे दोन बुरखे, लांब पात्याची सुरी आणि केळीच्या सोपाचे दोर घेऊन आले. सासूबाईंना आम्ही सकाळीच नणंदेकडे पोहोचवले होते. मी फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे घातले. तेल, अत्तर, गजरा असे वासाचे काहीही नको, हे त्यांनी आधीच बजावले होते. गोवरीचा गार पांढरा धूर भोकातून तीन-चार वेळा आत सोडून ते पाच मिनिटे थांबले. धूर लागला की माश्या पोटभर मध पिऊन घेतात आणि जड होऊन शांत राहतात. धुरामुळे तो केळ्यासारखा इशाऱ्याचा वासही झाकला जातो.

तेल मुरलेले स्क्रू आवाज न करता फिरले आणि पुढची फळी सुटली. आत एकामागे एक पडदे लावावेत तशी सात पोळी झाकणाला लटकलेली होती. दोन पोळ्यांच्या मध्ये माशीला पाठीला पाठ लावून चालता येईल एवढेच अंतर, सगळीकडे सारखे. सर्वांत पुढचे पोळे पांढरे आणि मधाने भरलेले होते. मधली तपकिरी, वापरलेली. तिसऱ्या पोळ्याने फवारणी पंपाची मूठ कवेत घेतली होती: मेण मुठीला चिकटवून, तिच्या वळणाबरोबर वळवून, पोळ्याच्या कडेला मुठीच्या आकाराची खाच ठेवून बांधकाम खाली नेलेले होते. मी झाकण उचलले तेव्हा फाटले ते हेच. फाटलेला भाग दोन आठवड्यांत त्यांनी नव्या मेणाने सांधून टाकला होता.

काका एक-एक पोळे मुळाशी कापून तळहातावर घेत, माश्या हलकेच पेटीत झटकत, वरचा मधाचा भाग वेगळा करीत आणि खालचा पिलावा चौकटीत बसवून सोपाच्या दोराने बांधीत. पोळे उलटे होऊ द्यायचे नसते, कारण घरे किंचित वरच्या दिशेला कललेली असतात. एक तुकडा त्यांनी उजेडाकडे धरून मला घरांचे तळ दाखवले: तांदळाच्या कणीहून बारीक पांढरी अंडी, प्रत्येक घरात एक, उभी चिकटवलेली, बाजूला कोयरीसारख्या वळलेल्या अळ्या, आणि त्यांच्याभोवती परागाच्या घरांची पिवळी, राखाडी, विटकरी कमान. पेटाऱ्याच्या आतली हवा अंगाला उबदार लागत होती. पिलाव्याजवळ माश्या चौतीस-पस्तीस अंश सेल्सिअस तापमान राखतात, थंडीत अंग थरथरवून आणि उन्हाळ्यात पाणी आणून पंखांनी वारा घालून.

राणी पाचव्या पोळ्यावर सापडली. इतरांपेक्षा लांब, काळपट, आणि तिच्या वाटेतल्या माश्या बाजूला सरून तिच्याकडे तोंड करून उभ्या राहत होत्या. काकांनी तिला छोट्या जाळीच्या डबीत घेऊन पेटीत चौकटींच्या मध्ये ठेवले. पेटीचे दार पेटाऱ्याचे भोक होते तिथे, त्याच उंचीवर आणले. पुढच्या दहा मिनिटांत जे झाले ते मी आयुष्यभर विसरणार नाही. दारावरच्या माश्यांनी पोटाची टोके वर उचलली आणि जोरजोरात पंख हलवून इतरांना बोलावण्याचा वास पसरवायला सुरुवात केली. त्या वासावर पेटाऱ्यातल्या, झाकणावरच्या, हवेतल्या माश्या धार लागल्यासारख्या पेटीत शिरू लागल्या. सात वाजेपर्यंत बाहेर मूठभर उरल्या. एवढ्या कामात मला तीन डंख बसले, तेही माझ्या बाहीत अडकलेल्या माश्यांचे.

काकांनी राणीला डबीतून सोडले, पण पेटीच्या दाराला अशी पट्टी लावली, की कामकरी माश्या ये-जा करतील आणि राणीला मात्र बाहेर पडता येणार नाही. नवे घर पटले नाही तर सातेरी सगळी वसाहत घेऊन उठून जाते, आणि राणीशिवाय ती जात नाही. पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, मुंग्यांसाठी. रात्री पातळ साखरपाणी द्यायला सांगितले, साखर आणि पाणी समप्रमाणात. मध त्यांनी दोन्ही घरांत वाटला. आमच्या वाट्याला आलेला मलमलीतून गाळून सव्वा किलो भरला.

बुधवारी, ५ मार्चला, दुपारी एक वाजता माश्या पेटीबाहेर येऊन समोरच्या बाजूला घोसाने लटकल्या. मला वाटले, चालल्या. काकांना फोन केला तर त्यांनी आधी विचारले, “ऊन कुठवर आलंय?” पेटारा बाजूला सरकवताना आम्ही वरचा पत्राही हलवला होता आणि पेटीवर थेट ऊन पडत होते. पत्रा पुन्हा धरला, परातीत ताजे पाणी ओतले, आणि चार वाजेपर्यंत घोस आत गेला. त्या तीन तासांत मी जेवले नाही.

पेटी आमच्याकडेच राहावी, असे मुलाला वाटत होते आणि मलाही. सासूबाईंमुळे ते शक्य नव्हते. हलवण्यातही एक नियम पाळावा लागतो: पेटी थोडीच सरकवली तर बाहेर गेलेल्या माश्या जुन्या जागी परत येऊन भरकटतात, म्हणून ती एक तर हातभर सरकवायची, नाहीतर त्यांच्या उडण्याच्या टापूबाहेर, काही किलोमीटर दूर न्यायची. पोळी चौकटींना चिकटायला सहा दिवस दिल्यावर, शनिवारी ८ मार्चला रात्री साडेआठला, सगळ्या माश्या आत आल्यावर, काकांनी दाराला जाळी ठोकली आणि पेटी जीपमध्ये मांडीवर धरून मेढ्याच्या पलीकडे नेली. त्यांनी मजुरी मागितली नाही. तीन खेपांच्या पेट्रोलचे आणि दोघांच्या दिवसाचे मिळून मी अडीच हजार दिले, तेही आग्रहाने. स्वतः पाळायचे असेल त्यांच्यासाठी सांगते, खादी ग्रामोद्योग मंडळाच्या मधकेंद्र योजनेत प्रशिक्षण मिळते आणि साहित्यावर पन्नास टक्के अनुदान असते. बाकीची निम्मी रक्कम आपली. अठरा वर्षे पूर्ण झालेली साक्षर व्यक्ती वैयक्तिक मधपाळ म्हणून अर्ज करू शकते. काकांची सुरुवात अशीच झाली होती.

पेटाऱ्याची सफाई पुढे ढकलू नये. मेणाचा वास राहिला तर फुटून नवे घर शोधणाऱ्या वसाहतींचे टेहळे तिथेच येतात आणि उरलेल्या पोळ्यांत मेणकिडा पडतो. आम्ही मेण पात्याने खरवडले, फळ्या सोड्याच्या गरम पाण्याने दोनदा धुतल्या, आठ दिवस उन्हात ठेवल्या आणि भोकावर आतून पत्र्याची चकती मारली. यंत्राच्या हवेच्या गाळणीत मेण गेले होते, ती साडेतीनशेला नवी बसवली. गुढीपाडव्याला, ३० मार्चच्या सकाळी, दोन-तीन माश्या त्या चकतीभोवती बराच वेळ घुटमळत होत्या. मग निघून गेल्या. माझ्या १८ फेब्रुवारीच्या अर्जावर फोन आला तो १ एप्रिलला. मोहोळ सुरक्षित हलवल्याचे मी लेखी कळवले आणि त्याचीही पोच घेतली.

रामनवमीला, ६ एप्रिलला, आम्ही जावळीत काकांकडे गेलो. पेट्या जांभळांच्या सावलीत ओळीने मांडलेल्या होत्या. त्यांनी आमची पेटी उघडून तिसरी चौकट वर काढली. सोपाचे दोर माश्यांनी कुरतडून, तंतू-तंतू करून बाहेर टाकले होते आणि ते पेटीसमोरच्या मातीवर पडलेले दिसत होते. पोळे जुने, तपकिरी. पण एका कडेला, जिथे पंपाच्या मुठीची खाच होती, तेवढ्याच आकाराचा भाग नव्या पांढऱ्या मेणाने भरून आला होता आणि त्यातल्या प्रत्येक घरात एक-एक अंडे होते.